दुर्बिणीच्या तपासणीत तुकडा घेतला, म्हणजे नेमकं काय केलं?

पोटाची दुर्बीण झाली की डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "आतनं दोन-चार तुकडे घेतलेत, तपासणीला पाठवूया", आणि तेवढ्या एका वाक्यानं बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. तुकडा म्हटलं की आपल्याकडं डोक्यात एकच आजार येतो आणि त्याचं नावसुद्धा कुणी मोठ्यानं घेत नाही. मी कोल्हापुरात एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला टेक्निशियन आहे, म्हणजे हे तुकडे बाटलीतनं आले की ते काचेवर चढवून पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या, म्हणजे तुकडे तपासून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांच्या, मायक्रोस्कोपखाली ठेवेपर्यंतचं सगळं काम आमचं. बाटली घेऊन येणारी माणसं राजारामपुरीतली असतात तशी गारगोटी, राधानगरी, गडहिंग्लजवरनं एसटीनं आलेली पण असतात, आणि विचारणं बहुतेकांचं एकच, "मॅडम, तसलं काय न्हाई ना?" काउंटरवर दोन मिनिटात एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून इथं सावकाश लिहिते.

तर, तुकडा घेतला म्हणजे कॅन्सरचा संशय आहे असं अजिबात नसतं. दुर्बिणीतनं डॉक्टरांना आतला पृष्ठभाग दिसतो, लाल झालंय का, सूज आहे का, जखम आहे का, गाठ आहे का, एवढं कळतं, पण लाल दिसतंय ते कशामुळं लाल आहे हे नुसत्या डोळ्याला कळत नाही. जंतूमुळं असू शकतं, गुडघेदुखीच्या गोळ्यांनी असू शकतं, पित्त उलटं चढल्यामुळं असू शकतं, मोठ्या आतड्यात टीबी असू शकतो, नाहीतर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटलेली असू शकते, आणि या सगळ्यांवरचे उपचार एकमेकांपासून पूर्ण वेगळे. काही वेळा तर दुर्बिणीत सगळं एकदम स्वच्छ, गुलाबी, नॉर्मल दिसतं आणि तरी तुकडा घ्यावा लागतो. मायक्रोस्कोपिक कोलायटिस म्हणून एक आजार आहे, त्यात माणूस महिनोनमहिने पातळ जुलाबानं हैराण असतो, आतडं बघायला गेलं तर ठणठणीत दिसतं, आणि आजार सापडतो तो फक्त तुकड्यातच. आमच्याकडं येणाऱ्या पोटाच्या तुकड्यांपैकी बहुतेकांत शेवटी कॅन्सर नसतोच, सूज आणि जंतू हेच जास्त निघतं.

आता नेमकं काय कापतात ते बघू. जठराची किंवा आतड्याची भिंत एकाच थराची नसते. सगळ्यात आत अन्न लागतं तो मऊ ओलसर थर म्हणजे म्युकोसा, त्याच्याखाली रक्तवाहिन्यांचा थर, मग स्नायू आणि सगळ्यात बाहेर पातळ आवरण. दुर्बीण म्हणजे तुमच्या करंगळीएवढ्या जाडीची वाकणारी नळी, तिच्या टोकाला कॅमेरा आणि लाईट, आणि तिच्यातनंच साधारण २.८ मिलिमीटरचा एक बारीक बोगदा गेलेला असतो. त्या बोगद्यातनं एक लांब तार आत सरकवतात, तारेच्या टोकाला दोन इवल्या वाट्यांचा चिमटा असतो, तो उघडायचा, म्युकोसाला टेकवायचा, बंद करायचा आणि हलकंसं ओढायचं, झालं. जो निघतो तो तुकडा २-३ मिलिमीटरचा, मोहरीपेक्षा जरासा मोठा. भिंतीला भोक पडत नाही, फक्त आतला थर तेवढ्यापुरता खरवडला जातो, दोन थेंब रक्त येतं आणि आपोआप थांबतं, जागा काही दिवसात भरून येते.

दुखतं का? तुकडा घेताना नाही दुखत. आपल्या कातडीला जशी कापल्याची वेदना कळते तशी कळणाऱ्या नसा जठराच्या आणि आतड्याच्या आतल्या थरात नसतात, तिथं कळतं ते ताणल्याचं. म्हणून हवा भरल्यावर पोट फुगल्यासारखं वाटतं, ढेकर येतात, उमासे येतात, ते त्रासाचं असतं हे खरं आहे, पण चिमट्याचं काय कळत नाही, फार तर आत कुणीतरी हलकेच ओढल्यासारखं वाटेल. जागे असाल तर डॉक्टर शेजारच्या सिस्टरना "ओपन... क्लोज" असं सांगताना ऐकू येईल, ते चिमटा उघडायचं आणि मिटायचं चाललेलं असतं, त्याला घाबरू नका. घशात आधी बधिर करणारा स्प्रे मारतात, हवं असेल तर गुंगीचं इंजेक्शनपण देतात. स्प्रेचा असर जाईपर्यंत, म्हणजे अर्धा-एक तास, पाणीपण पिऊ नका, ठसका लागून श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि गुंगी घेतली असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, "मला काय झालंय, मी ठीक हाय" म्हणून बुलेटला किक मारणारी लई माणसं बघितलीत, घरचं कुणीतरी सोबत न्याच.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी समजूत म्हणजे "तुकडा काढला की रोग पसरतो". गावाकडं हे इतकं पक्कं बसलंय की लोक दुर्बिणीला तयार होतात पण तुकड्याला नाही म्हणतात, सही करत नाहीत, पेशंटला उठवून घरी नेतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण या समजुतीपायी गेलेले तीन-चार महिने नंतर परत मिळत नाहीत. ही समजूत कशी पडली असावी तेपण समजतं, आधीच पुढं गेलेला आजार असायचा, तुकडा घेतला, निदान झालं, थोड्या महिन्यात माणूस गेला, आणि घरच्यांनी त्या तुकड्यालाच दोष दिला. अहो, आजार आधीच पसरलेला होता, तुकड्यानं फक्त त्याचं नाव सांगितलं. जठराच्या आतल्या पृष्ठभागावर गाठ असेल तर तिच्यावरनं रोज जेवण घासून जातंय, आम्ल वाहतंय, तिच्या पेशी तशापण झडत असतात, चिमट्यानं घेतलेल्या दोन मिलिमीटरनं त्यात काही भर पडत नाही. आणि तुकड्याशिवाय बहुतेक वेळा ना ऑपरेशन ठरवता येतं ना केमो. जबाबदार डॉक्टर सहसा तुकड्याच्या रिपोर्टशिवाय पोटाच्या कॅन्सरचे उपचार सुरू करत नाही, म्हणजे तुकडा नाकारला तर उपचारच अडकतात.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, स्टेंट बसवला असेल, व्हॉल्व्ह बदलला असेल, तर ते आधी सांगा. पण सांगा म्हणजे सांगाच, स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. नुसता चिमट्यानं तुकडा घेणं हे रक्तस्रावाच्या दृष्टीनं कमी धोक्याचं काम धरतात, ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवूनच करतात, मोठा पॉलिप कापायचा असेल तर मात्र हिशेब वेगळा होतो. स्टेंटवाल्या माणसानं परस्पर गोळी थांबवली आणि हार्टला झटका आला तर तो धोका त्या दोन थेंब रक्तापेक्षा कितीतरी मोठा आहे. शुगरवाल्यांनी उपाशीपोटी इन्सुलिनचं काय करायचं तेपण आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

बाटलीचं आता जरा जास्त सांगते कारण इथं तुमच्या हातात बरंच काही असतं. मोठ्या हॉस्पिटलांत लॅब तिथंच असते, पण छोट्या दवाखान्यांतनं बाटली आणि चिठ्ठी नातेवाइकांच्याच हातात देतात, "अमुक लॅबला नेऊन द्या". बाटलीत जे पाण्यासारखं दिसतं ते पाणी नसतं, ते फॉर्मलिन असतं, त्यानं तुकडा सडत नाही आणि पेशी जशा होत्या तशाच राहतात. निघायच्या आधी बाटलीवरचं नाव, वय, तारीख वाचा, चिठ्ठीवरचं आणि बाटलीवरचं नाव एकच आहे का बघा, तीन बाटल्या म्हणाले असतील तर तीनच आहेत का मोजा. जठराच्या खालच्या भागाची वेगळी, वरच्या भागाची वेगळी, लहान आतड्याची वेगळी अशा बाटल्या असतात कारण तुकडा कुठला आहे यावर त्याचा अर्थ बदलतो, वेगवेगळ्या बाटल्यांतले तुकडे कुणी एकत्र केले तर ते नंतर कुणालाच ओळखता येत नाहीत. झाकण घट्ट लावा, उभी धरा, लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका, फॉर्मलिन डोळ्याला आणि नाकाला झोंबतं, विषारी आहे. फ्रीजमध्ये ठेवायची काही गरज नाही, डीप फ्रीजरमध्ये तर मुळीच नको, बर्फ झाला की पेशी फुटतात. बाटली कलंडून फॉर्मलिन सांडलं तर त्यात नळाचं पाणी घालून भरून आणू नका, हे होतं म्हणून सांगते, सरळ डॉक्टरांना फोन करा, दुसरं फॉर्मलिन मिळतं.

एक अपवाद आहे, टीबीचा संशय असेल तर काही तुकडे फॉर्मलिनमध्ये न घालता सलाईनमध्ये देतात, कारण फॉर्मलिननं टीबीचे जंतूपण मरतात आणि मग ते लॅबमध्ये वाढवून बघता येत नाहीत. ती सलाईनची बाटली मात्र वाटेत कुठं न थांबता लगेच पोचवायची असते. "एसटी चुकली म्हणून उद्या आणली" असं त्या बाटलीच्या बाबतीत चालत नाही.

चिठ्ठीचंपण महत्त्व तेवढंच आहे. त्यावर डॉक्टर लिहितात, किती दिवस जुलाब आहेत, वजन घटलंय का, दुर्बिणीत काय दिसलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आधी कुठला आजार होता. चिठ्ठी कोरी असली की मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या सुजेचा अर्थ लावणं लई अवघड होतं, म्हणून आधीचे रिपोर्ट असतील तर त्यांची झेरॉक्स बाटलीबरोबर द्या.

लोकांना वाटतं तुकडा मशीनमध्ये टाकला की कागद बाहेर येतो, रक्ताच्या रिपोर्टसारखं. तसं नाही. तुकडा आधी काही तास फॉर्मलिनमध्ये पक्का होऊ द्यावा लागतो, मग त्यातलं पाणी काढायला एकामागनं एक वाढत्या ताकदीच्या अल्कोहोलमध्ये, मग झायलीन नावाच्या रसायनात आणि शेवटी साधारण ६० डिग्रीच्या पातळ मेणात, हे बहुतेक रात्रभर चालतं. सकाळी तो मेणात बसवून चौकोनी ठोकळा करतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. इथं हाताचं कसब लागतं, तुकडा उभा बसवला तर सगळे थर वरपासनं खालपर्यंत दिसतात, आडवा पडला तर नुसता वरचा भाग दिसतो आणि वाचणाऱ्याची पंचाईत होते. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या ब्लॉकचे ३-४ मायक्रॉनचे काप काढायचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या भागाएवढे, ते कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. हिमॅटॉक्सिलिननं पेशीचं केंद्र निळं-जांभळं होतं, इओसिननं बाकीचं गुलाबी होतं, आणि मग कुठं पॅथॉलॉजिस्ट बघायला बसतात. कधी जंतू शोधायला वेगळा रंग लावावा लागतो, कधी ब्लॉकमधनं अजून खोलवरचे काप काढावे लागतात, कधी इम्युनो म्हणून वेगळी टेस्ट लावावी लागते, आणि दोन-तीन दिवस वाढतात. रिपोर्ट लांबला की घरात सगळ्यांची झोप उडते, पण लांबण्याचा अर्थ वाईट निघालं असा नसतो, पुष्कळदा कुणीतरी जास्त काळजीनं बघतंय एवढाच असतो.

आता जठरातनं तुकडे का घेतात त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण, एच पायलोरी. हा जंतू आम्ल असणाऱ्या जठरात राहतो, आणि त्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण ती असल्याच तुकड्यांतनं सुरू झाली. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते, त्यांना १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसले, आणि तेव्हा सगळे म्हणायचे की जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर लागले, जंतू लॅबमध्ये वाढता वाढेना, १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळं काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि तेवढ्यात जंतू वाढला. तरी कुणी पटवून घेईना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी तो जंतू स्वतःच प्यायला, आजारी पडले, आणि स्वतःची दुर्बीण करून जठराचे तुकडे घेऊन दाखवलं की सूज आलीय आणि जंतूपण आहे. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. या शोधाआधी अल्सर म्हणजे टेन्शन आणि तिखट असंच सगळीकडं मानायचे.

आपल्या कोल्हापुरात तर अजून तेच मानतात. मिसळ, तांबडा रस्सा, खर्डा यांच्या नावानं लोक खडे फोडतात, आणि तिखटानं जळजळ वाढते हे मान्य, पण अल्सर बहुतेक वेळा होतो तो एच पायलोरीमुळं नाहीतर दुखण्याच्या गोळ्या सतत खाल्ल्यामुळं. तिखट बंद केलं म्हणून जंतू मरत नाही. मेडिकलमधनं पित्ताची कॅप्सूल आणून वर्षानुवर्षं खाणं हा आपला दुसरा घरगुती उपाय, आणि त्यामुळं तपासणीतपण घोळ होतो, कारण त्या कॅप्सूलमुळं जंतू दबून राहतात, तुकड्यात सापडत नाहीत आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. म्हणून दुर्बिणीच्या आधी ही कॅप्सूल शक्य असेल तर दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं असं बघतात, पण तेपण डॉक्टरांना विचारूनच, कारण अल्सरमधनं रक्त जाणाऱ्या माणसाची कॅप्सूल थांबवणं धोक्याचं आहे. जंतू बघायला एक झटपट टेस्टपण असते, तुकडा युरियाच्या किटमध्ये टाकतात, जंतू असला तर तो युरिया फोडून अमोनिया करतो आणि पिवळा रंग गुलाबी होतो, पुष्कळदा तिथल्या तिथंच कळतं. जंतू निघाला तर साधारण १४ दिवस दोन-तीन अँटिबायोटिक एकत्र घ्यायची, मधेच सोडायची नाहीत, आणि संपल्यावर निदान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची टेस्ट करून तो गेला का बघायचं, ही शेवटची पायरी आपल्याकडं जवळपास सगळेच विसरतात. हा जंतू १९९४ पासनं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत कॅन्सर करणारा म्हणून नोंदलेला आहे. ज्यांच्या पोटात तो असतो त्यातल्या फारच थोड्यांना कॅन्सर होतो, तरी सापडला तर काढून टाकलेला बरा.

लहान आतड्याच्या सुरवातीचे तुकडे घेतात ते सीलियाकसाठी, म्हणजे गहू न चालण्याचा आजार. नॉर्मल आतड्यात बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यातनं अन्न शोषलं जातं, सीलियाकमध्ये ते झिजून सपाट होतात, मग पोर कितीपण खाऊ दे, अंगाला लागत नाही, रक्त वाढत नाही, उंची वाढत नाही. हा आजार आतड्यात सलग नसतो, कुठं आहे कुठं नाही असा असतो म्हणून एक तुकडा पुरत नाही, निदान चार घेतात आणि वर अगदी सुरवातीच्या भागातला एखादा. यात एक चूक लई घरांत होते, कुणीतरी सांगतं गहू बंद करून बघा, चपाती बंद, बिस्किट बंद, पोर जरा बरं होतं आणि मग दोन-तीन महिन्यांनी तपासणीला आणतात, तोवर आतडं सुधारायला लागलेलं असतं आणि तुकड्यात काही सापडत नाही. आपल्याकडं भाकरी आणि भात हाताशी असल्यामुळं गहू सोडणं सोपं जातं, पण तपासणी पूर्ण होईपर्यंत सोडू नका. एकदा निदान झालं की आयुष्यभराचं पथ्य आहे, ते अंदाजानं लावून घेण्यासारखं नाही.

मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीची तयारी वेगळी आणि कंटाळवाणी, दोनेक लिटर औषधाचं पाणी पिऊन पोट पूर्ण साफ करायचं. ते नीट केलं नाही तर पुढचं सगळं वाया जातं, शौच राहिलं की त्याच्याखाली काय लपलंय दिसत नाही, म्हणून तेवढा एक दिवस सोसा. इथले तुकडे आपल्या देशात फार मोलाचे आहेत, आणि त्याचं कारण टीबी. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या जागी, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला, टीबीच्या जखमा होतात, आणि क्रोन्स नावाचा, प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटण्याचा आजारपण पुष्कळदा तिथंच बसतो, लक्षणंपण तीच, पोट दुखतं, वजन घटतं, बारीक ताप. क्रोन्सच्या उपचारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, स्टेरॉइड देतात, आणि तो प्रत्यक्षात टीबी निघाला तर त्याच औषधांनी टीबी भडकतो. दुर्बिणीत दोन्ही इतके सारखे दिसू शकतात की अनुभवी डॉक्टरसुद्धा तुकड्याची वाट बघतात. मायक्रोस्कोपखाली पेशींचे गोळे दिसतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात, टीबीत ते मोठे असतात, एकमेकांत मिसळलेले, आणि मधला भाग मेलेला असतो, क्रोन्समध्ये छोटे आणि सुटेसुटे. पण दर वेळी इतकं स्वच्छ काही दिसत नाही, म्हणून जखमेचे आणि आजूबाजूचे मिळून बरेच तुकडे घेतात आणि सलाईनमधले वेगळे पाठवतात. जाता जाता एक, कच्च्या दुधातनंपण जनावरांचा टीबी माणसाच्या आतड्यात येऊ शकतो, धारोष्ण दुधाचं आपल्याकडं कौतुक आहे आणि मलापण त्याची गोडी माहीत आहे, तरी मी उकळूनच प्यायचं म्हणेन.

पॉलिप म्हणजे आतल्या थरावर उगवलेला कोंब. तो चिमट्यानं तोडत बसण्यापेक्षा तारेच्या फासानं सगळाच काढतात, त्यामुळं तपासणी आणि इलाज दोन्ही एकदम होतात. ॲडेनोमा जातीच्या पॉलिपचा पुढं कॅन्सर होऊ शकतो, पण त्याला साधारण दहा वर्षं लागतात आणि बहुतेक ॲडेनोमांचा होतच नाही, म्हणजे वेळेत काढलेला पॉलिप हा टळलेला कॅन्सर असू शकतो. रिपोर्टमध्ये जात कुठली आणि किती मोठा होता यावरनं पुढची दुर्बीण कधी करायची ते ठरतं.

रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि घरातलं कॉलेजला जाणारं पोर तो मोबाईलवर शोधतं, आणि रात्री अकराला घरात रडारड. त्यातले नेहमी येणारे शब्द सांगते. क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराला बरेच दिवस असलेली सूज, अगदी कॉमन. ॲट्रॉफी म्हणजे आतला थर झिजलाय. इंटेस्टायनल मेटाप्लेसिया म्हणजे जठराच्या पेशींनी आतड्याच्या पेशींचं रूप घेतलंय, हा कॅन्सर नाही, पण जंतू असेल तर काढायचा आणि डॉक्टर सांगतील तसं लक्ष ठेवायचं. डिस्प्लेसिया हा शब्द आला तर मात्र तो गांभीर्यानं घ्यायचा, पेशी बिघडायला लागल्यात असा त्याचा अर्थ, लो ग्रेड म्हणजे कमी आणि हाय ग्रेड म्हणजे कॅन्सरच्या अगदी उंबरठ्यावर. हाय ग्रेडलासुद्धा बऱ्याच वेळा दुर्बिणीतनंच तेवढा भाग काढता येतो, म्हणून तिथं दिवस घालवू नका. कार्सिनोमा लिहिलं असेल तर तो कॅन्सर. मॅलिग्नन्सी हा शब्द दिसला म्हणून लगेच घाबरू नका, त्याच्या आधी "नो एव्हिडन्स ऑफ" आहे का ते वाचा, मग त्याचा अर्थ तुकड्यात कॅन्सर दिसला नाही असा होतो.

"दिसला नाही" यावर मी मुद्दाम जोर देते. रिपोर्ट त्या दोन-तीन मिलिमीटरच्या तुकड्याचा असतो, अख्ख्या पोटाचा नाही. जठराच्या कॅन्सरमध्ये एकच तुकडा घेतला तर साधारण ७० टक्के वेळा निदान होतं, सातेक तुकडे घेतले तर ते ९८ टक्क्यांच्या वर जातं, म्हणून "एवढे तुकडे कशाला घेतले?" असं भांडू नका, जास्त तुकडे म्हणजे जास्त खात्री. जठरातल्या अल्सरचे कडेचे आणि तळाचे असे भरपूर घेतात आणि रिपोर्ट चांगला आला तरी दोन-तीन महिन्यांनी परत दुर्बीण करून भरला का बघतात, ती दुसरी दुर्बीण चुकवू नका. आणि चिमटा वरच्याच थरापर्यंत पोचतो, गाठ खालच्या स्नायूंच्या थरात असेल तर तुकडा नॉर्मल येतो. डॉक्टरांना डोळ्यानं दिसलेलं आणि आमच्या रिपोर्टमधलं जुळत नसेल तर परत तुकडे घ्यावे लागतात, यात कुणी पैसे काढायला बघतंय असं दर वेळी समजू नका.

घरी गेल्यावर साधं मऊ खायला हरकत नाही, पोट जरा फुगल्यासारखं राहतं. पण रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, वाढत जाणारं पोटात किंवा छातीत दुखणं, ताप, यातलं काही झालं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. असं फार कमी जणांना होतं, पण झालं तर सकाळची वाट बघायची नाही. लोहाच्या गोळ्यांनीपण शौच काळं होतं, त्या चालू असतील तर ते सांगा.

आता शेवटी रिपोर्टबद्दल, कारण इथं मला सगळ्यात जास्त राग आणि वाईट दोन्ही वाटतं. बरेच रिपोर्ट आमच्याकडं तसेच पडून राहतात. गोळ्यांनी बरं वाटलं, फोन आला नाही, म्हणजे चांगलंच असणार असं धरतात. तसं धरू नका, तारीख विचारून घ्या, रिपोर्ट घ्या आणि ज्यांनी दुर्बीण केली त्यांनाच दाखवा. दुसरं म्हणजे, मुलगा किंवा जावई येतो आणि म्हणतो, "बाबांना काय सांगू नका, खचतील". त्यांची माया कळते मला, पण शरीर बाबांचं आहे, आणि केमोच्या खोलीत बसल्यावर त्यांना कळायचंच आहे, त्यापेक्षा आपल्या माणसाच्या तोंडनं घरात बसून कळलेलं कितीतरी बरं.

आणि मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला किंवा कुठंही दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर नुसता कागद घेऊन जाऊ नका, ते लोक काचा आणि ब्लॉक मागतात, त्यांच्या पॅथॉलॉजिस्टना स्वतः बघायचं असतं. ब्लॉक लॅबमध्ये वर्षानुवर्षं जपून ठेवलेले असतात, रिपोर्टवरचा नंबर सांगून अर्ज दिला की मिळतात, पावती घ्या आणि काम झालं की परत आणून द्या, कारण पुढं एखादी नवीन टेस्ट करायची झाली तर ती त्याच ब्लॉकवर होते आणि पेशंटला परत नळी घालावी लागत नाही. नेताना काचा खोक्यात, कापसात गुंडाळून न्या, आणि ब्लॉक उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते, मऊ पडतं.